पाय लागला

सिद्धम्माचे पाय लटलट कापत होते, आणि परीक्षा नेमकी पायांचीच होती.

धाराशिवला बायकांसाठी नवा शिवणवर्ग निघाला होता. काम शोधत आलेल्यांपैकी मशीन कुणाला जमेल हे आधी पारखायचं, मगच वर्गात घ्यायचं, असा नेम होता. मुरुमची सिद्धम्मा नवऱ्यामागं भावाच्या आश्रयाला होती. निघताना भावजयीनं बजावलं होतं, जागा मिळाली तर ठीक, नाही तर इथला शेणगोठा कुठं पळून जात नाही.

पारख करायला तुळजापूरच्या वनमालाबाई आल्या होत्या. त्यांनी चष्म्यातून रोखून पाहिलं की कापडाची सुरकुतीसुद्धा सरळ होईल, असा त्यांचा दरारा. खालची लोखंडी फळी पायानं हलवायची आणि खडूच्या रेघेवर टीप घालायची, एवढंच काम त्यांनी दिलं.

सिद्धम्मानं पाय टेकवला मात्र, चटका बसल्यासारखा मागं घेतला. पोटाला देणारी ही लक्ष्मी, आणि तिलाच पाय लागला. तिनं झटकन वाकून फळीला हात लावला, तो कपाळी नेला. पुन्हा पाय ठेवला, पुन्हा लागला, पुन्हा नमस्कार. इकडं टीप मात्र दावं तोडलेल्या म्हशीसारखी मन मानेल तिकडं गेली.

वनमालाबाईंना वाटलं, हिला फेफरं आलं. त्यांनी हाक मारताच कुणीतरी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. सिद्धम्माच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"काय होतंय तुला?"

"मला काय बी होत न्हाय, बाई. लक्ष्मीला पाय लागतोय."

झालं. मशिनींच्या रांगेतल्या सगळ्या बायकांनी पाय उचलून स्टुलावर घेतले. शेजारची इरम्मा मघापासून झरझर शिवत होती. तिनं स्वतःच्या गालावर मारून घेतलं आणि ती रडायलाच लागली.

वनमालाबाईंनी परोपरीनं समजावलं. दसऱ्याला पूजा करायची, एरवी चालवायचं, त्यात पाप कसलं? मळणीत बैल धान्यावर पाय देतातच की.

"ते बैल हायेत," सिद्धम्मा म्हणाली. "वर गेल्यावर त्यांना कोण इचारतंय?"

एकही पाय खाली येईना. शिकणाऱ्याच नाहीत म्हटल्यावर वर्ग बंद होणार हे दिसत होतं. सिद्धम्माला पुढं पाप आणि मागं गोठा दिसू लागला. तिनं भीत भीत विचारलं, "बाई, पाप कुणाच्या नावावर लागंल, तेवढं सांगा."

"माझ्या," बाई वैतागून म्हणाल्या. "सगळ्यांचं मी घेते. चालवा आता."

"आई भवानीची आण?"

तुळजापूरच्या बाईंना ही आण जड होती. पण सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते. "आण," त्या म्हणाल्या.

धडाधड सगळे पाय खाली आले. खोलीभर मशिनींचा खडखडाट उठला. सिद्धम्माची टीप रेघेला चिकटून गेली, इरम्माचीही. बाईंनी जागच्या जागी सांगितलं, सगळ्या पास. उद्यापासून वर्ग सुरू, वर्षभर, रोज सकाळ-संध्याकाळ.

बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. नजर त्या पायांवरून हलेना. चष्मा सावरत त्या सिद्धम्माजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जरा बेतानं चालव गं."

"आता कशाचं भ्याव, बाई?" म्हणत सिद्धम्मानं मान वर न करता दोन्ही पायांनी जोर लावला.