आडनावाला खण नाही

शिरूरच्या आमच्या वाचनालयात पुस्तक हवं असेल तर लेखकाचं आडनाव सांगून उपयोग नाही. ग्रंथपाल दिगंबरअण्णा चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "नाव सांगा. आडनावाला हितं खण न्हाई."

कार्डावर लेखकाचं आडनाव आधी, हा साऱ्या ग्रंथालयांचा नियम. अण्णांनी एका उन्हाळ्यात सगळी कार्डं नावाप्रमाणे नव्यानं लिहून काढली. मग 'श'च्या खणात इतके शंकर झाले की अण्णांना त्यांची पुन्हा बारशी करावी लागली. शेतीवाले शंकर, विहिरीवाले शंकर, रडवणारे शंकर. मी मास्तर माणूस, पण मला अजून एकही शंकर पहिल्या फेरीत सापडलेला नाही.

"गुर्जी, दम धरा. शंकर कुठं पळत न्हाई," हे वर अण्णांकडून ऐकायचं.

त्यात हा दुष्काळ. वाचनालय सोसायटीच्या खताच्या गोदामावर. खाली खत नाही, वर वर्गणी नाही, वाचक टँकरच्या रांगेत. सरकारी अनुदान आलं तरच वाचनालय उघडं राहणार होतं. अशात जिल्ह्याहून तपासनीस आले. त्यांनी 'श'चा खण उघडला आणि कपाळाला हात लावला.

"आडनावाप्रमाणे लावा, नाहीतर अनुदान विसरा."

"अण्णा, व्हय म्हणा की," सोसायटीचे चेअरमन काकुळतीला आले.

"कावून? माणूस दारात आला की आपल्याकडं आधी आडनाव इचारत्यात. मंग पाणी द्यायचं का न्हाई ते ठरवत्यात. माझ्या खणात ते चालायचं न्हाई. लिवा सायेब, ग्रंथपालानं नकार दिला."

साहेबांनी खरंच तसं लिहिलं आणि गेले. चेअरमनही पाय आपटत जिना उतरले. मी मात्र भडकलो.

"अण्णा, तुमच्या हट्टापायी वाचनालयाला कुलूप लागेल."

अण्णा विस्कटलेली कार्डं लावत राहिले.

"आमच्या सुनंदानं पोरगा पसंत केल्ता," ते खाली बघूनच म्हणाले. "पोरगा कसा हाय, काय करतो, काई न्हाई. म्या आधी आडनाव इचारलं. अन् ते ऐकून पोरीला म्हणलो, पुन्यांदा ह्या दारात येऊ नगं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं मला.

"आष्टीच्या बाजारात कळलं, तिला पोरगा झालाय." अण्णांनी खण हळूच आत सारला. "कोन्त्या आडनावाच्या घरी झाला, ते समद्यांनी सांगितलं. नाव काय ठिवलं, ते कुणालाच ठाव न्हाई."