गुरुवारचा सुळका

सर्वेश परब यांच्या मते मुंबईच्या उपनगरांत खरा विचार करणारी माणसं दोनच होती, आणि दुसरा नुकताच निवृत्त झाला होता. हुद्द्याने ते अंधेरीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तंत्रसहायक; वृत्तीने गुप्तहेर. आजवर त्यांनी सात प्रकरणं हाती घेतली होती. त्यांतलं एकही सुटलं नव्हतं, त्यामुळे अनुभव दांडगा होता.

आठवं प्रकरण दीप्तीचं. तिच्या पीएचडीसाठी ऑफिसातले बारा कर्मचारी रोज सकाळी लघवीचा नमुना देत. मास स्पेक्ट्रोमीटर त्यातली द्रव्यं वजनावरून ओळखून आलेख काढी. दर सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी आलेखावर माशातून येणाऱ्या एका द्रव्याचा सुळका उभा राही. इतर दिवशी सपाट. विभागप्रमुख मृणालिनी मॅडमनी बजावलं होतं, "शनिवारी दुपारपर्यंत कारण कळलं नाही, तर तीन महिन्यांचे नमुने टाकून द्यायचे." प्रबंधाला दोनच महिने उरले होते.

"सर, लोक मासे खात असतील," दीप्ती म्हणाली.

"वार बघ गं. सोम, गुरू, शनी. या दिवशी आमचा कोकणातला माणूस अंड्याचं नाव काढत नाही. म्हणजे हे बाहेरून घातलंय."

तिलाही ते पटलं. फॉर्मवर 'काल रात्री काही विशेष खाल्लं का?' असा प्रश्न होता. बाराही जणांनी 'नाही' लिहिलं होतं.

परबांचा पहिला संशय देवनारच्या कचऱ्यावर. गच्चीत ओलं बोट धरून त्यांनी तपास केला. वारा उलट बाजूने, जुहूकडून येत होता. 'देवनारचा वारा वळसा घालून येतो,' अशी नोंद झाली. दीप्तीने मशीनमध्ये नुसतं पाणी घालून पाहिलं, सुळका नाही. "गुन्हेगाराला पाण्यात रस नाही," परब म्हणाले. मग नायट्रोजनचे सिलिंडर आणणाऱ्याचे हात हुंगून झाले. डिझेलचा वास आला. "धूर्त आहे."

उरला मशीन चालवणारा कृणाल. मशीनवर त्याची पाळी नेमकी सोम, गुरू, शनी.

"डबा उघड."

"भेंडी आहे सर. गुरुवार आहे ना."

"भेंडीच का?"

"ते बायकोला विचारा. मला कोण विचारतंय."

शनिवारी साडेअकराला दीप्ती नमुन्यांचे खोके फ्रीजरमधून काढू लागली. काचेची भांडी धुणाऱ्या नंदामावशी, वेसाव्याच्या कोळीण, जरा वेळ बघत राहिल्या.

"सकाळच्या बाटलीत काय येतं गं? आदल्या रात्रीचं जेवणच ना? रविवार, बुधवार, शुक्रवार. आमच्या टोपल्या त्याच दिवशी रिकाम्या होतात."

"पण मावशी, फॉर्मवर सगळ्यांनी नाही लिहिलंय."

"तू विशेष विचारलंस. पापलेट असतं तर लिहिलं असतं. बांगड्यात कसलं विशेष?"

दीप्ती ऑफिसात धावली. बाराही जणांनी कबुली दिली. हेडक्लार्क दशरथ तर दुखावलेच. "शुक्रवारी दुसरं काय खातात?"

मॅडमनी खोके परत फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितले. नमुने निर्दोष होते. फॉर्म तेवढा बदलायचा होता.

परबांनी अंतिम अहवाल लिहिला: 'आरोपी बांगडा. साथीदार बारा. आम्ही पोचेपर्यंत आरोपी पचलेला होता.'