न चावणारा मालक

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले दोन दातही पडोत.

हुमनाबादला शरणबसवअण्णाची तूरडाळीची मिल. डाळ निवडायला बाया यायच्या, पण टिकायच्या नाहीत. कामावर घेताना अण्णा सांगायचे, "डोक्यावर पंखा, दोनदा चहा, घरच्यासारखं ठेवतो." बाया पंखा बघायच्या आणि आठव्या दिवशी गायब. पंखा होता, पण इतका सावकाश फिरायचा की पात्यावरची चिमणीसुद्धा उठत नसे.

शुक्रवारी लॉरीभर डाळ हैदराबादला पोचवायची होती, नाहीतर मोठं गिऱ्हाईक तुटणार. आणि सोमवारी मिलमध्ये एकही बाई नव्हती. मुनीम कल्लप्पा म्हणाला, "अण्णा, तुमी लई गोड बोलायलाव. आता मी बोलतो."

तेवढ्यात राजेश्वर गावची राजूबाई काम विचारायला आली.

"पंखा न्हाई," कल्लप्पा म्हणाला. "चहा न्हाई. उंदरं मांजराएवढी. आन् मालक चावतो."

"कुठं चावतो?"

"घावंल तिथं."

"सुनंपरीस बरा," म्हणत राजूबाई काठी घेऊन आत शिरली. बघते तर पंखा. वर अर्धा कप चहा. उंदीर उंदराएवढाच. मालकही चावला नाही, लांबूनच नमस्कार करून गेला.

"हे तर म्हायेर हाय," असं तिनं संध्याकाळी गावभर सांगितलं. मंगळवारी नऊ बाया नवी लुगडी नेसून आल्या. पंख्याखाली बसून वर बघितलं.

"ह्योच व्हय त्यो पंखा?"

दुपारी नऊच्या नऊ परत.

अण्णांनी राजूबाईला बोलावलं. "अक्का, चांगलं कामून सांगायलीस? उद्यापासून बसस्टँडवर बस आन् मिलला शिव्या घाल."

"खोटं बोलू व्हय?"

"काम हाय म्हनून समज."

काम म्हटल्यावर राजूबाई कसर ठेवत नसे. बुधवारी तिनं कन्नडमध्ये सुरुवात केली, मराठीत रंगात आली आणि शेवटचा हात दखनीत मारला. बिदरच्या बसचा ड्रायव्हर गाडी सुरू ठेवून ऐकत बसला. तिच्या तोंडी उंदरं वासराएवढी झाली.

गुरुवारी वासराएवढी उंदरं बघायला वीस बाया काठ्या घेऊन हजर. राजूबाई तिकडं स्टँडवर शिव्या देतच होती. इकडं पंखा बघून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. शुक्रवारी दुपारी लॉरी भरून गेली.

अण्णा पेढे घेऊन स्टँडवर गेले. राजूबाई बोचकं बांधून बसलेली.

"कुठं निगालीस, अक्का?"

"गावाकडं. तीन दिस झाले ऐकायलेय. असल्या मिलमदी मानूस ऱ्हाईल व्हय?"

"अगं, ऐकायलीस म्हंजे? बोलायली तूच की."

"म्हनून तर," राजूबाई पेढा घेत म्हणाली. "मी खोटं बोलत न्हाई."

आता माझ्या दोन दातांपैकी एक जाणार, कारण एक गोष्ट मी पदरची घातली. मालक चावला नाही, ही.