चिमट्यांवरचं इंग्रजी

टक्!

बाळ नुकतंच झोपलं होतं, घर चिडीचूप होतं, आणि त्या शांततेत कपड्यांचा एक साधा चिमटा मिटला तो बंदुकीच्या बारासारखा वाजला. तिने श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळाने ओठ मुडपले, जरा विचार केला आणि आईवर दया करून पुन्हा डोळे मिटले.

"बघितलंस?" ती थोरल्या लेकीच्या कानात कुजबुजली. "पुठ्ठ्यावर 'मेक' लिहिलंय. चिमट्यावर आयएनजी. चिमटा कुठे बसला?"

"शेवटच्या ई वर."

"म्हणजे ई झाकला गेला. झालं मेकिंग! नवं शेपूट आलं की मुका ई मुकाट्याने जागा सोडतो."

लेक काहीच बोलली नाही. ही तीच लेक, जिला प्रश्न विचारण्याच्या हौसेपायी घरात सगळे वकीलसाहेब म्हणत! आईने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. जिथे वकीलसाहेब गप्प, तिथे मुख्याध्यापिका काय चीज!

त्या मुख्याध्यापिका आज फोनवरून तिचा धडा बघणार होत्या. बाळंतपणात सुटलेली नोकरी परत मिळवायची तर हीच शाळा. चालत जाण्याजोगी आणि शिवाय अर्धा दिवस! अशी दुसरी शाळा दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. नोकरी आपल्या खिशात, असं म्हणत ती केस विंचरायला गेली.

परत आली तर टेबलावर पुठ्ठे होते. चिमटे नव्हते!

"आई, इथले चिमटे कुठे गेले?" तिने सासूबाईंना विचारलं.

"अगं, ढीगभर नुसते लोळत होते!" सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या. "आणि इथे माझे ओले कपडे वाऱ्यावर. लावून टाकले."

"त्यांच्यावर आयएनजी, ईडी अशी अक्षरं लिहिली होती हो!"

"असेनात का. कपड्यांना कुठे वाचता येतं?"

या युक्तिवादापुढे तिने हात टेकले आणि गॅलरीत धाव घेतली. पहिला चिमटा काढला मात्र, बाळाचं झबलं पाखरासारखं उडालं आणि खालच्या काकूंच्या तुळशीवर जाऊन बसलं. दुसऱ्या चिमट्याला हात लावायची तिची छातीच होईना.

"काढत काय बसलीस!" दाढीचा फेस फासलेला नवरा धावत आला. "कपड्यांचा अख्खा स्टँडच आत घेऊ!"

नवऱ्याच्या कल्पना नेहमीच भव्य असतात. स्टँड स्वयंपाकघराच्या दारात अडकला, नवरा स्टँडमागे अडकला, आणि फोन वाजला.

"नमस्कार," मुख्याध्यापिका पडद्यावर उगवल्या. "तुमच्या मागे ते काय आहे?"

"शिकवण्याचं साहित्य, बाई."

आता माघार नाही! तिने उशीच्या अभ्र्याचा चिमटा काढून पुठ्ठ्याला लावला. टक्! अभ्रा घसरला, तो सासूबाईंनी खाली वाकून वरच्यावर झेलला. पुढचा चिमटा, टक्! टॉवेल घसरला. "हा अजून दमट आहे गं," सासूबाई म्हणाल्या आणि तो परत वाळत घालायला तिच्या हातातलाच चिमटा घेऊन गेल्या! ती शिकवतेय आणि सासूबाई हिसकावतायत. नवरा दारात द्वारपालासारखा उभा, गालावरचा फेस वाळून त्याला पापुद्रे सुटलेले.

"एक शंका," मुख्याध्यापिका गंभीरपणे म्हणाल्या. "त्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीला कोणता नियम लागू होतो?"

"बाई, तो... तो अपवाद!"

स्टँड थरथरला. नवरा हसत होता! त्या खडखडाटाने बाळाने टाहो फोडला, आणि सासूबाई पाळण्यापाशी जाऊन तिथूनच ओरडल्या, "अगं, पार ओला झालाय! दुपटं दे, लवकर! ते नाही गं, ते ईडीवालं! आयएनजीवालं दे, ते वाळलंय!"

संपलं, तिला वाटलं. गेली नोकरी.

"सासूबाईंना तुम्हीच शिकवलंत?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"नाही हो. त्या आपल्या... कपडे वाळत घालत होत्या."

"आमच्या चौथीला वर्षभरात जे येत नाही ते कपडे वाळत घालता घालता! सोमवारपासून या. फक्त कपडे घरी ठेवून या. म्हणजे, हे वाळत घातलेले!" आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.

दारातून नवरा, पाळण्यापाशी सासूबाई, सगळे एकदम बोलू लागले. ती मटकन खाली बसली, बाळाला मांडीवर घेतलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला. तेवढ्यात वकीलसाहेब जवळ आल्या. त्यांनी भावाची इवलीशी टाच मुठीत धरली. इतका वेळ त्या गप्प नव्हत्याच, खटला तयार करत होत्या!

"आई, नवीन काही आलं की आधीच्यातलं गप्प बसणारं कोणीतरी जातं ना?"

"हो गं राणी."

"मग तुझी नोकरी आली. आता आपल्यातलं कोण जाणार?"