सांडपाणी अप्पा

गावात गाडी थांबली की कुठलाही ड्रायव्हर आधी चहाचं हॉटेल शोधतो. आमचे शिवलिंगप्पा आधी उतार शोधायचे.

म्हणजे गाडी वेशीजवळ उभी करायची, इंजिन बंद करायचं, तांब्या भरून खाली उतरायचं आणि तो जमिनीवर सावकाश ओतायचा. मग ते पाणी जिकडं वाहत जाईल तिकडं, हात पाठीमागं बांधून, त्याच्यामागून चालत जायचं. पाणी मुरलं की दुसरा तांब्या. तेवढ्यानंही समाधान झालं नाही, तर हा पन्नाशीचा, धिप्पाड, कपाळभर विभूती लावलेला गृहस्थ भर गावात पोटावर आडवा व्हायचा आणि एक डोळा मिटून जमीन न्याहाळायचा. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा त्यांना फीट आली असं वाटून, स्वतः कंपौंडर असूनही, औषधाचं कपाट सोडून कांदा शोधत पळालो होतो.

"फीट न्हाय, कंपौंडर," ते पडल्या पडल्या म्हणाले. "पानी जातंय कुटं, ते बघतुय."

हे पाणी म्हणजे आमच्या गाडीचं सांडपाणी.

सोलापुरातल्या एका धर्मादाय ट्रस्टनं जुनी बस विकत घेऊन तिचा फिरता दवाखाना केला होता. मागच्या अर्ध्या भागात तपासायचं टेबल आणि औषधांची कपाटं. पुढच्या अर्ध्यात झोपायला तीन बाकं, एक स्टोव्ह, एक बेसिन आणि पडदा लावून केलेली आंघोळीची जागा. टपावर चांगल्या पाण्याची टाकी, गाडीच्या पोटाखाली खराब पाण्याची. डॉक्टर सबनीस, मी आणि ड्रायव्हर शिवलिंगप्पा असे तिघं पंधरा पंधरा दिवस त्या गाडीत राहायचो, आणि या गावाहून त्या गावाला जायचो. भांडी, कपडे, आंघोळ, डॉक्टरांची रोजची दाढी, सगळ्याचं पाणी खालच्या टाकीत.

आधीचा ड्रायव्हर फार सुटसुटीत माणूस होता. गाव सुटलं की तो टाकीची तोटी अर्धी उघडायचा आणि गाडी हाकायचा. पुढचं गाव येईपर्यंत टाकी रिकामी, वर रस्त्यावर धूळ नाही. अप्पा नवीन आले तेव्हा मोठ्या जाणतेपणानं मी त्यांना ही युक्ती सांगितली. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हंजे आंगूळ तुमी करायची, आन् मागनं येनाऱ्यानं ती तुडवायची?"

त्या दिवसापासून तोटीची चावी त्यांच्या कमरेला.

त्यांचे नियम ठरलेले होते. विहिरीपासून शंभर पावलं लांब, तेही विहिरीच्या खालच्या अंगाला. ओढ्यात नाही, रस्त्यावर नाही, विचारल्याशिवाय कुणाच्या बांधावरही नाही. जागा ठरली की कमरेइतका खड्डा. तळाला धोंडे, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर वाळू आणि तोंडावर वाळलेल्या गवताचा जाड थर. "शितं, तेल, डाक्टरची दाढी, समदं गवतावर ऱ्हातंय. निस्तं पानी खाली जातंय." निघताना ते गवत उचलून जाळायचं आणि खड्डा बुजवायचा. ज्या पाण्यात फिनेल किंवा औषध पडलं ते त्या खड्ड्यातही नाही. ते वेगळ्या डब्यात, झाकण घट्ट लावून, सोलापूरपर्यंत आमच्या सोबतीला.

"अप्पा, पेशंट खोळंबलेत," डॉक्टर पायरीवरून ओरडायचे.

"खड्डा होऊ द्या की."

"तुम्ही ड्रायव्हर आहात की खड्डे खणणारे?"

"दोनी हाय की, साहेब." त्यांना यात विनोद वाटायचा नाही.

एकदा पंधरवडा संपवून आम्ही परतीला लागलो होतो. तिघांनाही घरची ओढ, निदान मला आणि डॉक्टरांना तरी. दहा-बारा मैल आल्यावर अप्पांनी एकदम ब्रेक मारला.

"खड्डा बुजवायचा ऱ्हायला."

"राहू दे!" डॉक्टर आणि मी एका सुरात.

"कुनाची शेळी पडंल."

गाडी वळलीसुद्धा. परत त्या गावात पोचलो तर खड्ड्यात एक कोंबडी गवतावर मजेत बसली होती. अप्पांनी तिला दोन्ही हातांनी उचललं, बाजूला ठेवलं, "माफ कर गं बाई" म्हणाले आणि खड्डा बुजवला. डॉक्टर सोलापूर येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. गावोगावची माणसं मात्र आम्हाला ओळखायला लागली होती ती अप्पांमुळंच. डॉक्टर आले असं कुणी म्हणत नसे. "सांडपानी अप्पा आले" असं म्हणत.

माझ्या लग्नातही त्यांनी तेच केलं. आमच्या घरातलं मोरीचं पाणी शेजारच्या राजम्माच्या दारावरून जायचं, आणि त्यावरून माझी आई आणि राजम्मा यांच्यात अकरा वर्षं भांडण होतं. राजम्मा तेलुगूत बोलायची, आई मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. लग्नाला अर्थातच राजम्माला बोलावणं नव्हतं. अप्पा आले, नवीन पटका बांधून. आहेर दिला आणि दिसेनासे झाले. पंगत बसायच्या वेळी शोधाशोध केली, तर धोतर खोचून, कुठून तरी कुदळ पैदा करून, ते मांडवामागं चर खणत होते.

"अहो पाव्हणं, जेवायला चला की!" आई म्हणाली.

"येतो की. शंभर मान्सं हात धुनार हायती. त्या बाईच्या उंबऱ्यात पानी जाईल."

आमच्या मोरीचं पाणी त्या चरातून थेट मोठ्या गटारीला लागलं, ते आजतागायत. राजम्मा दारात उभी राहून सगळं बघत होती. ती आत गेली, लुगडं बदलून आली, आणि कुणी काही म्हणायच्या आत आईच्या हातातलं वाढायचं भांडं घेऊन पंगतीत वाढायला लागली. आमच्या बोळात माझ्या लग्नाची आठवण निघते ती त्या चराची. नवरीचं नाव निम्म्या लोकांना आठवत नाही.

मग तो दुष्काळ आला. मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका गावात आम्ही होतो. विहिरीच्या तळाला नुसता गाळ. टपावरची टाकी आम्ही सोलापुरात भरून घेतली होती, आणि ते पाणी पिण्यापुरतं, औषधापुरतं आणि हात-अंग धुण्यापुरतं मोजून वापरत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पुढं कृष्णाबाई नावाची एक म्हातारी.

"डायवर, खालच्या टाकीतलं तरी द्या. मी काय पीत न्हाय. म्हसरासाठी मागतीया."

"न्हाय, आये. त्यात साबन हाय, जखमा धुतल्यालं पानी हाय." गडबडीत आमच्याच कुणाकडून तरी ते पाणी त्या टाकीत गेलं होतं.

"मरंल ती तहानंनं. त्यापरीस हे बरं न्हवं?"

मागून पुरुष पुढं आले. आवाज चढले. अप्पा तोटीला पाठ लावून खाली बसले. एकानं त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली, ती फाटली. अप्पांनी हात उचलला नाही, पण जागाही सोडली नाही. डॉक्टर घाबरले होते. ते म्हणाले, "अप्पा, द्या ते पाणी. कशाला ओढवून घेता?"

त्या दिवशी अप्पांनी डॉक्टरांना पहिल्यांदा उलट उत्तर दिलं. "तुमी औशद द्यायचं, आन् मी इख द्यायचं का?"

मग ते उठले, टपावर चढले, आणि स्वतःच्या वाट्याची आंघोळीची बादली चांगल्या पाण्यानं भरून खाली आले. ती त्यांनी कृष्णाबाईपुढं ठेवली.

त्या संध्याकाळपासून गाडीत नवा कायदा आला. साबण बंद. तांदूळ धुतलेलं, परात खळबळलेलं, भाजी धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत, ते जनावरांना. आंघोळ ओल्या फडक्यानं. डॉक्टरांनी दाढी वाढवली. ती त्यांना बरी दिसत होती, पण तसं सांगायची कुणाची हिंमत नव्हती. रोज सकाळी अप्पा ती बादली घेऊन कृष्णाबाईच्या गोठ्यात जायचे आणि म्हैस पिऊन संपवेपर्यंत तिथंच उभे राहायचे. आम्ही निघालो त्या दिवशी ज्यानं कॉलर फाडली होती तोच माणूस खड्डा बुजवायला फावडं घेऊन आला. दोघं मिळून माती ओढत होते.

पुढं चार-पाच वर्षांनी गाडीचं इंजिन कायमचं बसलं आणि ट्रस्टनं दवाखाना बंद केला. मला एका दवाखान्यात काम मिळालं. डॉक्टर पुण्याला गेले. अप्पा घरी गेले, एवढंच मला माहीत होतं. इतकी वर्षं एका गाडीत राहून त्यांचं घर मी पाहिलं नव्हतं, आणि घरात कोण आहे हे विचारलंही नव्हतं. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, नंतर वाटली.

मुलीच्या बारशाचं बोलावणं करायला मी ट्रस्टमधून पत्ता घेऊन सोलापूरच्या भवानी पेठेत अप्पांकडं गेलो. दुपारचे साडेतीन वाजले होते. बोळातून मागांचा खडखडाट येत होता. शेजारच्या माणसाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते व्हय? शेवटची खोली. कुनाशी बोलत न्हाईत."

एकच खोली. लखलखीत. एका खिळ्याला एक सदरा, एका फळीवर एक ताट, एक वाटी, दोन फुलपात्रं. कोनाड्यात एका बाईचा छोटा फोटो, त्याला विभूती लावलेली. अप्पा वाळले होते. मला बघून इतके गडबडले की आधी चहा ठेवू की चटई टाकू हे त्यांना कळेना.

"गौरव्वा," मी फोटोकडं बघतोय हे बघून ते म्हणाले. "जाऊन तेरा वर्सं झाली. तापानं गेली. मूलबाळ न्हाय आमाला."

चहा पिता पिता त्यांनी न विचारता सांगितलं. तरुणपणी अक्कलकोटच्या पुढं, आपल्या गावी असताना ते ट्रक चालवायचे. आठवड्याला एकदा ट्रक घेऊन यायचे आणि ओढ्यात उभा करून धुवायचे, डिझेल, ग्रीस, सगळं. बायको त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला, वाळू उकरून, झिरा करून पाणी भरायची.

"एक दिस जेवायला बसलो, तर तिनं म्होरं फुलपात्र ठेवलं. पान्यावर तेलाचा तवंग. रंगीत, मोराच्या पिसासारका. 'कुडीरि,' म्हनली. प्या म्हंजे. 'तुमचंच हाय.'"

"मग?"

"प्यालो की. काय करनार? ती रोजच पीत हुती." ते जरा हसले. "भांडली न्हाय, वराडली न्हाय. तसली बाई न्हवतीच ती. तवापासनं पान्याचा ठेंब सांडला की मला वाटतं, खाली कुटंतरी ती बसलीया भरायला."

ते उठले आणि मला मागचं दार उघडून दाखवलं. मोरीच्या पाण्याला त्यांनी विटांची सुबक नाली केली होती, आणि ती जिथं संपत होती तिथं हातभर जागेत अळू होतं. गौरव्वानं लावलेलं. पानं तळहाताएवढी, कडेनं पिवळी पडलेली.

"दोगं हुतो तवा सुपाएवडी पानं यायची. मान्सं मागून न्यायची." अप्पा खाली बसले, एक पिवळं पान खुडून काढलं. "आता एका मान्साचं सांडपानी असतंय किती, कंपौंडर? दिवसाला बादलीबी भरत न्हाय."

"नळाचं घाला की, अप्पा."

"घालतो. पर बरं वाटत न्हाय."

आम्ही आत आलो. मी बोलावणं केलं, ते येतो म्हणाले. मी निघायला उठलो तसे ते दारात आडवे उभे राहिले. एवढा मोठा माणूस, आणि काय म्हणावं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी म्हणाले, "आंगूळ करून जावा की."

दुपारचे चार वाजले होते. मी सकाळी आंघोळ करून निघालो होतो.

"करतो की, अप्पा," मी म्हणालो. "धुळीतनं चालत आलोय."

त्यांनी लगबगीनं स्टोव्ह पेटवला, पाणी तापवलं, घडीचा पंचा काढून दिला, नवी साबणाची वडी फोडली. मी मोरीत बसलो आणि तांब्यामागून तांब्या अंगावर ओतत राहिलो. मागचं दार वाजलं. ते अळवापाशी जाऊन उभे राहिले असावेत.

"आलं का पाणी?" मी आतून विचारलं.

मी आणखी दोन तांबे ओतले.

"येतंय," ते म्हणाले. "घ्या सावकाश. काय घाई न्हाय."