मागच्या पानावरचा आरोपी

निशिकांत आजोबा चोरून गोड खातात, यावर बुकित पंजांगच्या त्या फ्लॅटमध्ये एकमत झालं होतं. मत वेगळं होतं ते फक्त आजोबांचं!

पुरावा भक्कम होता. पोटात नळी बसवून घरच्या घरी डायलिसिस सुरू झालं आणि महिन्याभरात इन्सुलिन बारा युनिटवरून अठरा, अठरावरून थेट चोवीस! जेवण मात्र तेच, मोजून दोन फुलके.

"खाल्ल्याशिवाय साखर वाढते होय?" सूनबाई सुलेखाने चॉकलेटपासून गुळापर्यंत सगळं घरातून हद्दपार केलं. "बाबा, साखर उतरली नाही तर रविवारची पुलाउ उबीनची सहल रद्द!"

आजोबांचा चेहरा पडला. बोटीत बसून बेटावर जायचं, हे ते सहा महिने घोकत होते.

पहाऱ्यावर नात इरा. डायलिसिसच्या वहीत मागच्या पानापासून तिने नोंदी सुरू केल्या. '५.१० – खाली हॉकर सेंटरच्या खाऊ-स्टॉलवर. ५.४० – परत. मिशी पुसली. संशयास्पद!!!'

दारातच झडती. "आजोबा, तोंड उघडा. जीभ बाहेर. कॉफी प्यायलात?"

"काळी, बिनसाखरेची! त्या कॉफीवाल्या काकूंना विचार जा!"

"त्या तुमच्या साइडच्या आहेत लाह," इराने तिथल्या बोलीचं शेपूट जोडलं.

शनिवारी आजोबांच्या जॅकेटच्या खिशात चॉकलेटचा कागद सापडला.

"माझा नाही!"

"सगळे असंच म्हणतात," म्हणत सुलेखाने डायलिसिसच्या पाण्याची बॅग स्टँडला लटकवली. दिवसातली चौथी. मग तक्रार करायला नर्सला फोन लावला, स्पीकरवर. "सिस्टर, ही इज चीटिंग!"

नर्स हसत सुटली. "आन्टी, विसरलात आह? बॅगमध्येच ग्लुकोज असतं लाह! ते अंगात शोषलं जातं, म्हणून इन्सुलिन जास्त लागतं. ट्रेनिंगला सांगितलेलं. वहीचं पहिलं पान बघा."

इराने वही उलटी केली. पहिल्याच पानावर आईचं सुवाच्य अक्षर, खाली लाल रेघ: 'पाण्यात साखर असते. इन्सुलिन वाढू शकतं. घाबरू नये.'

"म्हणजे दिवसातून चार वेळा साखर तू भरतेस," आजोबा सावकाश म्हणाले, "आणि खिसे माझे तपासतेस?"

"उद्या लवकर निघू हं, बाबा," सुलेखा पुटपुटली. मग थबकली. "पण मग तो चॉकलेटचा कागद?"

खिडकीबाहेरून एलआरटीची छोटी ट्रेन चालली होती. इरा ती फारच मन लावून बघू लागली. परवा सिनेमाला थंडी वाजेल म्हणून आजोबांचं जॅकेट तिनेच नेलं होतं.

आजोबांनी चष्मा चढवला, वही ओढून घेतली आणि मागचं पान उघडलं.

"इराबाई, तोंड उघडा."