नॉर्मनकाका आणि पायऱ्यांचं कार्ड

शुक्रवारी सकाळी शाळेत जाता जाता पिपाने बेरिलमावशींच्या दाराच्या टपालफटीतून आपलं नाताळचं कार्ड आत ढकललं आणि गड जिंकल्यासारखी उड्या मारत ती पुढे गेली. दुपारी घरी आली तर आई हातात किटली धरून नुसतीच उभी.

"बेरिलचा नॉर्मन गेला गं," आई म्हणाली. "काल संध्याकाळी. तुम्ही चर्चच्या हॉलमध्ये कार्डं करत होतात ना, तेव्हाच. माळ्यावरून नाताळच्या सजावटीचं खोकं काढलं आणि जिन्यावरून पाय सटकला. वरून थेट खाली."

पिपाच्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं. नॉर्मनकाकांचं दुःख एकीकडून आलं, कार्डाची आठवण दुसरीकडून आली, आणि दोघांची समोरासमोर टक्कर झाली.

कारण कार्ड पायऱ्यांचं होतं. जाड कागदाला चिरा पाडायच्या, पुढे-मागे घड्या घालायच्या, की पाकिटातून काढल्यावर एक छोटा जिना उभा राहतो. बाकीच्या बायकांनी पायऱ्यांवर बर्फाची बाहुली, रॉबिन पक्षी, सूचिपर्णी झाड असलं शहाण्यासारखं काहीतरी चिकटवलं होतं. पण कार्डं करायला शिकवणाऱ्या बेरिलमावशींनीच सांगितलं होतं, "पिपा, नक्कल करू नकोस. तुझ्या डोक्यातलं काढ." असं तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. शाळेत तर तिच्या डोक्यात काही असेल असा संशयही कुणाला नव्हता.

मग काढलं तिने डोक्यातलं! लाल गालिच्याच्या पायऱ्या, कठड्याला हिरव्या माळा, आणि त्या पायऱ्यांवरून डोकं खाली, पाय वर करून घसरत येणारे नॉर्मनकाका. चौकड्यांची टोपी, जाड चष्मा, ब्रशसारख्या मिशा, हातात खोकं आणि पायरी-पायरीवर उसळणारे रंगीत गोळे. दरवर्षी सजावटीचं खोकं काढताना माळ्यावरून काका ज्या शिव्या देत, त्या अख्ख्या गल्लीला पाठ होत्या. त्याचीच ही गंमत. शेवटच्या पायरीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'आलो गं एकदाचा!'

"मावशी कशा आहेत?" पिपाने कसंबसं विचारलं.

"दार उघडत नाही कुणाला. फोनवर एवढंच म्हणाली, जिना चढवत नाही, खाली सोफ्यावरच पडते. आता वर कधी जाईल कोण जाणे."

शनिवारी सकाळी पिपा स्वयंपाकघरातला लांब चिमटा घेऊन मावशींच्या दारात पोचली. तिचा हिशोब सरळ होता. शोकाची कार्डं आत टाकून सगळी गल्ली पाय न वाजवता पळ काढत होती. म्हणजे दारामागे ढीग साचलेला असणार, आणि तिचं पाकीट त्याच्या तळाशी, न फोडलेलं. तिने फटीचं झाकण उचललं, आतल्या, वारा अडवणाऱ्या ब्रशातून हात कोपरापर्यंत घातला. चिमटा खळ्ळकन आत पडला. हात मागे ओढला तर बाहीचं बटण झाकणाच्या स्प्रिंगमागे अडकलेलं.

तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. शेजारचे पिकर्सगिलसाहेब होते, हातात लिलीच्या फुलांचं शोककार्ड.

"गारठा आहे आज," ते म्हणाले.

"हो ना," पिपा दाराला गाल टेकवून म्हणाली.

"तुझं व्हायचंय का अजून?"

"थोडा वेळ लागेल."

"सावकाश. मी आहे मागे." आणि ते खरोखरच मागे उभे राहिले. मग भांड्यात काहीतरी खायचं घेऊन ऑर्मरॉडबाई आल्या. "रांग हीच का?" त्यांनी विचारलं. त्यांच्यामागे आणखी कुणी. पिपाचा हात दारात का आहे, हे विचारणं सगळ्यांनाच फार खाजगी वाटत होतं.

"अहो, कुणीतरी बेल वाजवा ना!" पिपा कळवळून म्हणाली.

"छे छे!" ऑर्मरॉडबाई दबक्या आवाजात ओरडल्या. "दुःखातल्या माणसाला त्रास द्यायचा? काहीतरीच तुझं!"

आणि तेवढ्यात आतून कुणीतरी पिपाची बोटं धरली.

"कोण?"

"मी... पिपा."

"बर्फ झालाय की हाताचा."

"मावशी, माझं पाकीट फोडू नका! तसंच जाळून टाका!"

आतून आवाज आला, "कालच फोडलं."

पिकर्सगिलसाहेब आभाळाकडे बघू लागले.

दार उघडलं आणि पिपा दाराबरोबर फरपटत आत गेली. मावशी गुरुवारच्याच स्वेटरमध्ये होत्या. त्यांनी खिशातून कार्डांची छोटी कात्री काढून बटण कापलं. हात सुटला. पिकर्सगिलसाहेबांनी सताड उघड्या दाराकडे पाहिलं, समोर उभ्या मावशींकडे पाहिलं, आणि अखेर मोकळ्या झालेल्या फटीतून, रीतीप्रमाणे, आपलं कार्ड आत टाकलं. ते मावशींच्या सपातांवर पडलं. "गारठा आहे," असं म्हणून ते गेले. बाकीच्यांनीही तेच केलं. ऑर्मरॉडबाईंचं भांडं फटीत मावेना, म्हणून ते पायपुसण्यावर राहिलं.

आत जिन्यावर रंगीत गोळे अजून तसेच पडलेले. जिन्याच्या पायथ्याशी छोट्या टेबलावर पिपाचं कार्ड उभं होतं.

"फाडलं का नाहीत?" पिपा रडायलाच लागली. "मला खरंच माहीत नव्हतं हो!"

"तिकडे बघ." फडताळावरच्या कार्डांत लिलीच लिली होत्या. "सगळ्या गावाने कार्डं पाठवली, पण एकातही माझा नवरा नाही. तो या एकातच आहे. टोपीच्या चौकड्या मात्र तिरक्या आल्यात तुझ्या."

मग मावशी हळूच म्हणाल्या, "दुपारी अंत्यविधीवाले त्याला घालायचा सूट न्यायला येणार आहेत. सूट वर आहे. माझा पायच उचलत नाही."

"मी आणते!"

"नको. त्याचे कपडे रोज मीच काढून ठेवते." त्यांनी कार्ड उचललं आणि कागदी नॉर्मनकाकांना नखाने सोडवू लागल्या. "हा जाईल त्याच्या खिशात. वाटेत करमणूक." पण पिपाने डिंक सढळ हाताने लावला होता. टर्रकन आवाज झाला, आणि काका निघाले ते एक अख्खी पायरी घेऊनच.

"बघ! जातानाही काहीतरी मोडूनच गेला," मावशी म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला. हसण्याकडे की रडण्याकडे, ते पिपाला कळलं नाही.

"द्या, मी जोडते पायरी."

"असू दे. तिथे मोठी ढांग टाकायची." मावशींनी कागदी नवरा स्वेटरच्या खिशात ठेवला, कठडा घट्ट धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग वळून म्हणाल्या,

"नुसती बघत काय राहिलीस? ये मागे. पडलेच तर खाली काहीतरी मऊ नको?"